एक इंच बर्फ

मी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. 'वृष्टीचे प्रकार' हा धडा किती वेळा शिकवला त्याचा हिशोब नाही. पाऊस, गारा, हिम. पावसाबद्दल आमच्या पाटण तालुक्यातल्या मुलांना मी काय सांगणार, तीच मला सांगायची. गारा वळवाच्या पावसात वेचून खाल्लेल्या. हिमाशी आलं की पुस्तकातली चार वाक्यं वाचायची आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. माझा स्वतःचा बर्फाशी संबंध आला होता तो गोळेवाल्याच्या गाडीवर, आणि पुण्यात बी.ए.ला असताना सिमला ऑफिसच्या बसथांब्यावर. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून त्या दगडी इमारतीला पुणेकर सिमला ऑफिस म्हणतात. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद आम्ही त्याच थांब्यावर उभं राहून करायचो.

आणि हो, महाबळेश्वर. थंडीत एखाद्या पहाटे वेण्णा तलावापाशी दव गोठतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'हिमकण' म्हणून फोटो येतो. सातारा जिल्ह्याला तेवढ्याचंही अप्रूप.

तर 2018 च्या जानेवारीत मी लेकीकडे व्हर्जिनियात होते, वॉशिंग्टनच्या उपनगरात. हे गेल्यानंतरचा माझा पहिलाच हिवाळा. लेक म्हणाली, एकटी राहू नकोस, ये. जावई कामासाठी आठवडाभर बाहेरगावी. घरात मी, लेक आणि नऊ वर्षांचा नातू. लेक इस्पितळाच्या लॅबमध्ये, सकाळी सातची ड्युटी, बावीस मैलांचा रस्ता.

महिना संपत आला होता. आदल्या रात्री टीव्हीवर सांगितलं, उद्या पहाटे हलका बर्फ. किती? नुसता थर बसेल इथपासून एक इंचापर्यंत. मी म्हटलं, एवढंच? एक इंच बर्फ वितळवला तर साधारण अडीच मिलिमीटर पाणी होतं. कोयनेच्या बाजूला अडीच मिलिमीटरला कोणी पाऊस म्हणत नाही, शिंतोडे म्हणतात. आणि इथे त्याच्यासाठी नकाशे काय, निळे-पांढरे पट्टे काय, तासातासाचे आकडे काय! टीव्हीवरचा तो माणूस बाह्या सरसावून असं सांगत होता जणू काही युद्धच सुरू होणार आहे.

लेक हसली नाही. म्हणाली, "आई, इथे एक फूट बर्फ परवडतो. सगळे घरी बसतात. एक इंचाला सगळे बाहेर पडतात."

आणि तिने 2016 ची गोष्ट सांगितली. जानेवारीची 20 तारीख. दोन दिवसांनी मोठं हिमवादळ येणार म्हणून सगळा गाव तयारीत. दूध-ब्रेडची दुकानं रिकामी झाली होती. आणि त्याच्या आधीच एका संध्याकाळी जेमतेम इंचभर बर्फ पडला. रस्त्यांवर मीठ टाकलेलं नव्हतं. ऑफिसं सुटलेली. गाड्यांच्या चाकांखाली तो पातळ बर्फ दबला, थोडा वितळला आणि परत गोठला. रस्त्याचा आरसा झाला. लोक मध्यरात्रीपर्यंत रस्त्यात. अध्यक्ष ओबामांच्या ताफ्यालासुद्धा विमानतळावरून व्हाइट हाऊसला पोचायला तासाहून जास्त लागला. वॉशिंग्टनच्या महापौरबाईंनी दुसऱ्या दिवशी लोकांची माफी मागितली. पुढे ते मोठं वादळ आलं, डलेस विमानतळावर एकोणतीस इंच बर्फ पडला, पण तेव्हा सगळे आपापल्या घरात होते.

नातवाचं वेगळंच चाललेलं. त्याने पायजमा उलटा घातला. का रे? तर म्हणे, उलटा पायजमा घालून झोपलं की बर्फ पडतो आणि शाळेला सुट्टी मिळते. उशीखाली चमचाही ठेवायचा असतो. वर्गातली सगळी मुलं करतात. मला फार बरं वाटलं. आमच्याकडची पोरं पावसाळ्यात मुख्याध्यापकांच्या खोलीकडे ज्या नजरेनं बघायची, तीच ही नजर. चमचा मीच आणून दिला.

वयामुळे म्हणा, पहाटे साडेतीनलाच जाग येते. उठले, चहा टाकला, लेकीने शिकवलेलं ते रडारचं चित्र फोनवर उघडलं. आमच्या गावावर निळा ढग आला होता. म्हणजे बर्फ पडतोय. खिडकीचा पडदा सारला तर रस्त्यावरच्या दिव्याखाली काही नाही. कोरडा ठणठणीत रस्ता. चार वाजले, निळं आणखी गडद झालं. बाहेर काही नाही. मला सिमला ऑफिसचीच आठवण झाली.

मग टीव्ही हळू आवाजात लावला. तो बाह्या सरसावलेला माणूस तेव्हाही तिथेच होता, झोपतो कधी कोण जाणे. त्याने नेमकं हेच समजावून सांगितलं, आणि सांगते, चांगला मास्तर होता. म्हणाला, वर बर्फ पडतोय, पण खालची हवा कोरडी आहे. ती हवा तो बर्फ वाटेतच पिऊन टाकते. रडारला दिसतो, जमिनीला पोचत नाही. पण हवा अशी पीत गेली की ओली होते, आणि थंडही होते. आत्ता 34 आहे, थोड्या वेळात 30 होईल. त्यांचं 32 म्हणजे आपलं शून्य.

मी ताडकन उठून बसले. अहो, हा तर आपला माठ! माठातून पाणी झिरपतं, वाफ होतं आणि आतलं पाणी गार होतं. तीस वर्षं मी बाष्पीभवन शिकवताना फळ्यावर माठ काढला, पण असा आभाळाएवढा माठ कधी डोक्यात आला नव्हता. म्हणजे जो रस्ता नुसता ओला होणार असं संध्याकाळी वाटत होतं, तो आता गोठणार होता. फोनवर बघितलं. 34. दहा मिनिटांनी 33.

पावणेपाचला शाळेचा निरोप आला, दोन तास उशिरा. सुट्टी नाही. उलट्या पायजम्याने अर्धंच काम केलं. पाचला लेक उठून खाली आली. मी तिला सगळं सांगितलं, माठासकट. ती म्हणाली, "मग मी फोन करून बघते. रात्रपाळीची बाई दोन तास थांबेल बहुतेक. आठला निघते. तोवर मिठाच्या गाड्या फिरून जातील."

आता इथे खरी गोष्ट आहे. मी म्हटलं, "अगं, अजून कुठे सुरू झालंय? सुरू व्हायच्या आत पोचशील. ती बिचारी रात्रभर जागलेली, तिला कशाला थांबवतेस? आत्ताच नीघ."

लेकीने खिडकीबाहेर बघितलं. कोरडा रस्ता. "हं," म्हणाली. डबा घेतला, पावणेसहाला निघाली. मी दारातून सवयीने म्हटलं, "पोचल्याचा फोन कर."

सहा वाजून पाच मिनिटांनी दिव्याखाली पहिली भुरभुर दिसली. वेण्णा तलावाच्या फोटोपलीकडे कधी न बघितलेली गोष्ट मी बघत होते आणि मला ती बघवत नव्हती. पिठीसाखर चाळावी तसा बर्फ. फार सुंदर होता, खोटं कशाला बोलू. दहा मिनिटांत अंगणातली फरसबंदी पांढरी झाली. फोनवर आकडा 30.

साडेसहा झाले. पाऊण तासाचा रस्ता. फोन नाही. पावणेसात. सात. मी लावला, वाजत राहिला. टीव्हीवर रस्त्यांचा नकाशा आला, त्यावर लाल रेघा. इथे अपघात, तिथे अपघात, अमुक पूल बंद. पुलांवर इथे पाटीच असते, पूल रस्त्याच्या आधी गोठतो म्हणून. रस्त्याला खालून जमिनीची ऊब असते, पुलाला खालूनही वारा. हेही मला शिकवता आलं असतं. त्या सकाळी एकेक गोष्ट कळत होती आणि एकेकीने पोटात गोळा येत होता.

साडेसातला नातू उठला. "आजी, मम्मा?" मी म्हटलं गेली कामावर. त्याला इस्पितळात फोन लावायला सांगितला, कारण तिकडचं भराभर इंग्रजी मला फोनवर कळत नाही. नऊ वर्षांचं पोर मोठ्या माणसासारखं बोललं, आईचं नाव सांगितलं, थांबलं, थँक यू म्हणालं. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणालं, "ती तिथे नाहीये."

मी उपमा करायला घेतला. हाताला काहीतरी काम हवं होतं. रवा भाजता भाजता करपला.

आता मला चोवीस वर्षं मागे जायला हवं. जाणार नव्हते, पण त्या ओट्यापाशी मी तिथेच गेले होते.

1994 चा जुलै. पाटणच्या पश्चिमेला एका गावच्या हायस्कुलात मी होते. मुख्याध्यापक मीटिंगला तालुक्याला गेलेले, शाळा माझ्याकडे. ओढ्यापलीकडच्या तीन वाड्यांतली मुलं फरशीवरून यायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, फरशी म्हणजे ओढ्यातच बांधलेला बुटका सिमेंटचा रस्ता, पाऊस जास्त झाला की पाणी त्याच्यावरून जातं. साडेअकराला आभाळ काळं झालं. डोंगरावर तर दिसतच नव्हतं काही. मी विचार केला, पाणी चढायच्या आत पोरं घरी पोचू देत. शिपायाला घंटा द्यायला सांगितली, लांब घंटा. पोरं ओरडत पळाली. मला केवढं समाधान वाटलं! आपण वेळेवर निर्णय घेतला.

डोंगरातला पाऊस आमच्या डोक्यावर यायच्या आधीच ओढ्यात आला होता. पोरं फरशीवर पोचायला आणि पाणी चढायला एकच गाठ पडली. मोठी पोरं धावत पार झाली. आठवीतली एक मुलगी पाचवीतल्या भावाचा हात धरून मध्यावर होती. दोघं वाहून गेली, खाली वळणावर उंबराच्या मुळ्यांना अडकली. एका गुराख्याने दोघांना काढलं आणि जवळच्या वस्तीवर नेलं. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता कळलं. मधली रात्र मी कशी काढली ते लिहीत नाही.

दोघं वाचली. भावाचा हात मोडला, तो बरा झाला. मुलीचा बाप आठवड्याने शाळेत आला. भांडायला नाही, दाखला न्यायला. म्हणाला, "शाळंतच ठिवायची हुती पोरं, बाई." एवढंच. मुलगा पुढे शिकला. मुलगी परत शाळेत आली नाही. नकाशे फार सुंदर काढायची. कोयनेचा उगम ते संगम, न बघता.

माझ्यावर कोणी ठपका ठेवला नाही. पाऊस होता, काय करणार, असंच सगळे म्हणाले.

2014 च्या जानेवारीत अटलांटा शहरात जे झालं ते मी तेव्हा साताऱ्यात पेपरात वाचलं होतं. तिथे जेमतेम अडीच इंच बर्फ. सावधगिरीचा इशारा पहाटेच दिलेला, तरी शाळा-ऑफिसं भरली, आणि दुपारी बर्फ पडू लागल्यावर सगळी जवळजवळ एकदम सुटली. सगळे घरी निघाले म्हणून कोणीच घरी पोचेना. मिठाच्या गाड्याही त्याच गर्दीत अडकल्या. एका बाईची प्रसूती हमरस्त्यावर गाडीतच झाली. दोन हजारांहून जास्त मुलं रात्रभर शाळांतून राहिली, काही बसमध्ये अडकली. राज्याच्या गव्हर्नरांनी नंतर माफी मागितली. पेपरात ती बातमी वाचून लोक अमेरिकेला हसत होते, एवढ्याशा बर्फाला घाबरतात म्हणून. मी मात्र त्यातली एकच ओळ परत परत वाचली होती. शाळांमधले शिक्षक मुलांबरोबर रात्रभर थांबले. मुलं जिमच्या जमिनीवर झोपली, जे असेल ते खाल्लं, सकाळी घरी गेली. घंटा न देता पोरं शाळेत ठेवली असती तर आमच्याकडेही एवढंच झालं असतं. खिचडीचे तांदूळही नव्हते म्हणा तेव्हा शाळेत. पण गाव होतं.

आणि आता चोवीस वर्षांनी मी परत घंटा दिली होती. त्याच बुद्धीने, चांगल्याच हेतूने. लेक आठला निघते म्हणत होती.

नातवाला हे काही माहीत नव्हतं. त्याने करपलेला उपमा मुकाट्याने खाल्ला, आणि माझ्या हातातून फोन काढून घेतला. "आजी, सारखा करू नकोस. तिची बॅटरी जाईल." शहाणं पोर.

नऊ वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. लेकच.

झालं होतं ते असं. हमरस्त्यावर चढायच्या वळणदार पुलावर तिच्या पुढच्या दोन गाड्या घसरून एकमेकींवर आदळल्या. हिने ब्रेक लावला, गाडी आपली आपणच चालल्यासारखी सरकत जाऊन कठड्याला टेकली. जोरात नाही. मागे रांग लागली, मागच्याही घसरत होत्या. अशा वेळी गाडीबाहेर पडायचं नसतं, पट्टाही सोडायचा नसतो, कारण मागून कोण कधी येऊन धडकेल सांगता येत नाही. फोन धक्क्याने सीटखाली गेलेला. जुनी गाडी, हात न लावता बोलायची सोय तिच्यात नव्हती. मी सतरा वेळा केलेला फोन तिच्या सीटखाली वाजत होता आणि तिला ऐकू येत होता. "आई, प्रत्येक वेळी मी म्हणत होते, आई मी ठीक आहे, ठीक आहे. मोठ्याने." हे सांगताना ती हसली. मला हसता आलं नाही.

शेवटी मिठाची गाडी उलट्या बाजूने वर आली, मागोमाग पोलीस. एकेकाला काढलं. साडेनऊला ती इस्पितळात पोचली. आठला निघाली असती तर पावणेनऊला पोचली असती. हा हिशोब मी केला, तिने नाही.

दहाच्या सुमारास ऊन पडलं. पिवळी बस नातवाला घेऊन गेली. दुपारी बारापर्यंत रस्ते कोरडे, फक्त गवतावर आणि छपरांच्या उत्तरेकडच्या अंगाला पांढरं राहिलेलं. नंतर टीव्हीवाल्याने सांगितलं, आमच्या भागात पाऊण इंच. त्याचा अंदाज अगदी बरोबर आला होता. वेधशाळेवर विनोद करायची माझी आयुष्यभराची सोय त्या दिवशी गेली.

रात्री पिठलं-भात केला. नातू झोपल्यावर मी लेकीला म्हटलं, तुला मी उगाच घाईने घालवलं. ती म्हणाली, "छे गं, मला पटलं म्हणून मी निघाले. लहान आहे का मी?" मग मी तिला 1994 चं सांगायला लागले. ती तेव्हा शिक्षणासाठी मामाकडे साताऱ्याला होती. मी आजवर तिला एका शब्दाने बोलले नव्हते. मी दोन वाक्यं बोलले असेन, ती म्हणाली, "माहितीये. बाबांनी सांगितलं होतं. मी नोकरीला लागले तेव्हा."

मला हे ठाऊक नव्हतं. ह्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

"ती मुलगी कुठे असते आता?" लेकीने विचारलं.

2006 साली ती मला कऱ्हाडच्या स्टँडवर भेटली होती. दोन मुली बरोबर, दोघींच्या पाठीला दप्तरं. तिने मला ओळखलं, मी तिला नाही. भर गर्दीत वाकून नमस्कार केला आणि मुलींना म्हणाली, "ह्या माझ्या भूगोलाच्या बाई." मी मुलींना गोळ्या घेऊन दिल्या. तिला काहीच विचारलं नाही. तिची गाडी लागली आणि ती गेली.

लेकीने ऐकून घेतलं, ताटं उचलली, भांडी मशिनमध्ये लावली. मग म्हणाली, "उद्या गाडीचा बंपर दाखवून यायला हवा."

त्याच आठवड्यात गुरुवारी परत हलक्या बर्फाचा अंदाज होता. मी साडेतीनलाच उठले, रडार उघडलं, पडदा सारला. आकडा 35, निळं अजून लांब, पश्चिमेला डोंगरांपाशी. लेक पाचला खाली आली. तिने फोनवर बघितलं, खिडकीतून बघितलं. मी चहा ओतत राहिले. ती आपण होऊन पावणेसहालाच निघाली. पोचल्याचा फोन सहा पस्तीसला आला.